सहावा डबा

फायबरचं काम करणाऱ्याकडे माणसं काय काय मागायला येतात, ते ऐकून हसू येईल. गंगाखेडला परभणी रोडवर माझं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, देवळांचे कळस, ट्रॅक्टरची छपरं, शाळेच्या गॅदरिंगसाठी एक डायनासोर, सगळं करून झालं. एकदा बोरीचे एक शेतकरी मेलेल्या बैलाचे फोटो घेऊन आले. जसाच्या तसा बैल करून पाहिजे म्हणाले. केला. तीनदा त्यांनी डोळे बदलायला लावले. "मिस्त्री, ह्यो माझ्याकडं बगत न्हाई," एवढंच म्हणायचे. चौथ्या वेळी मी डोळ्यांना हातच लावला नाही. मान कापून थोडी डावीकडं वळवून पुन्हा जोडली. ते आले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि टेम्पो आणायला गेले.

असली कामं सांगायला बरी वाटतात. चार माणसांत मी तीच सांगतो. पोखर्णीच्या विमानाचं काम मात्र मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

अंबादासराव पोखर्णीचेच. हवाई दलात विमानांच्या सांगाड्याची दुरुस्ती करण्यात त्यांची नोकरी गेली. गावातले लोक त्यांना फौजी म्हणायचे, मी साहेब म्हणायचो. निवृत्त होऊन गावी आले, शेतातल्या घराशेजारी पत्र्याचं मोठं शेड बांधलं. लोकांना वाटलं कोंबड्या पाळणार. ते एक दिवस माझ्या वर्कशॉपात आले, वाळत ठेवलेल्या टाकीला खालून-वरून हात लावून पाहिला आणि म्हणाले, "तुमचा हात सफाईचा हाय. विमान करायचंय. येता का?"

मला वाटलं, एखाद्या चौकात उभं करायचं शोभेचं विमान असेल. म्हटलं, "किती फुटी?"

"उडणारं," ते म्हणाले. "दोन माणसं बसतील असं."

त्यांच्याकडं परदेशातून मागवलेले नकाशे होते, टेबलभर. जगात पुष्कळ लोक घरच्या शेडमध्ये असली विमानं बांधतात, हे मला तेव्हा कळलं. विमान खात्याकडं त्यांनी अर्ज केला होता. परराज्यात जाऊन छोटं विमान उडवायला शिकूनही आले होते. मी विचारलं, "साहेब, एवढा खटाटोप कामून?" तर म्हणाले, "सगळी नोकरी दुसऱ्याची विमानं नीट करण्यात गेली. मी नीट केलेल्या विमानात दुसराच कुणीतरी बसायचा. मी खाली उभा राहून बगायचो."

त्यांच्या बायको सुमनवैनी. त्यांना हे बिलकुल पसंत नव्हतं. चहा त्या शेडच्या दारातूनच द्यायच्या, विमानाकडं बघायच्या नाहीत, पाठ करून उभ्या राहायच्या. पण चहा मात्र दोन वेळा यायचाच.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अशा विमानात आत फोम असतो. थर्माकोलसारखा, पण दणकट. तापलेल्या तारेनं तो पंखाच्या आकारात कापायचा. त्यावर काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं आणि ते रेझिनमध्ये, म्हणजे चिकासारख्या दाट रसायनात, भिजवायचं. रेझिन वाळलं की काच आणि रेझिन मिळून एक होतात, वजनाला हलकं आणि ताकदीला लोखंडासारखं. पंखाच्या पोटातून एक लांब पट्टी जाते, तो पंखाचा कणा. सगळं वजन त्यावर. कण्यात काचेचे उभे धागे थरावर थर द्यावे लागतात आणि ते एका बैठकीत. खालचा थर ओला असतानाच वरचा द्यायचा, मध्ये थांबायचं नाही.

आमच्या टाक्यांचं रेझिन वेगळं असतं. त्यात हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं औषध, बाटलीच्या झाकणानं अंदाजे टाकतात. कमी पडलं तर उशिरा वाळतं, जास्त पडलं तर लवकर वाळतं, पण वाळतं. विमानाचं रेझिन तसं नसतं. त्यात हार्डनर काट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजून घालावं लागतं. कमी पडलं तर ते कधीच पुरतं वाळत नाही. वरून कडक दिसतं, आतून चिवट राहतं, कायमचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी मला हे तीनदा सांगितलं. मी मान हलवली. मनात म्हटलं, इतकी वर्षं अंदाजानं करतोय, माझी एक टाकी फुटलेली नाही.

त्यांची आणखी एक शिस्त होती. रेझिन लवकर घट्ट होतं म्हणून एकदम कालवत नाहीत, छोटे छोटे डबे करतात. प्रत्येक डब्यातलं उरलेलं थोडं रेझिन ते कागदी कपात ओतून ठेवायचे, कपावर नंबर घालायचे. दुसऱ्या दिवशी तो गोळा हातोडीनं फोडायचा. काचेसारखा खळकन फुटला तर डबा चांगला. दबला, तर त्या डब्याचं काम कापून टाकायचं. फळीवर अशा कपांची रांग असायची.

उजवा पंख आम्ही मार्चमध्ये केला. साहेब काट्यावर मोजायचे, कालवायचे, मी थर द्यायचो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. पंख वाळल्यावर उचलला तेव्हा कुठं एक बुडबुडा नव्हता. साहेबांनी त्यावर नाणं वाजवत टोकापासून बुडापर्यंत नेलं. सगळीकडं सारखाच आवाज. "मिस्त्री, असलं काम मी कारखान्यातबी बगितलं न्हाई," ते म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मोटारसायकलवर मी मोठ्यानं गात होतो, हे खरं आहे.

डाव्या पंखाचा कणा मे महिन्यात आला. परभणीचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेडचे पत्रे तापलेले, रेझिन डब्यात दहा-बारा मिनिटांत घट्ट व्हायला लागायचं. पाच डबे झाले. थर बरोबर बसत होते. तेवढ्यात साहेबांना दिल्लीहून फोन आला, अर्जासंबंधी. पत्र्याखाली आवाज येईना म्हणून ते बाहेर लिंबाखाली गेले. जाताना म्हणाले, "पुढचा डबा तुमी करा. काटा बगून."

मी रेझिन मोजलं. हार्डनर ओतायला लागलो. अर्धं पडलं असेल-नसेल, माझा फोन वाजला. कळसाचं गिऱ्हाईक होतं. क्रेन येऊन उभी होती आणि कळसाचे बोल्ट बसत नव्हते. ते ओरडत होते, मीही ओरडलो. बोलता बोलता हात आणखी ओतत राहिला की थांबला, ध्यानात राहिलं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील. वळून पाहिलं तर काटा बंद. तो बॅटरीचा काटा, वापरला नाही तर आपोआप बंद व्हायचा. चालू केला तर शून्यापासून सुरू. हार्डनर किती पडलं होतं ते आता कळायला मार्ग नव्हता.

मी डब्यात पाहिलं. मला वाटलं, पूर्ण टाकलंय. मग वाटलं, नाही टाकलं. तो डबा फेकून नवा करायला पाच मिनिटं लागली असती. पण पाचव्या डब्याचा थर घट्ट व्हायला लागला होता आणि मी अर्धवट जागी थांबलो होतो. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. साहेब परत येऊन "काय झालं?" विचारतील आणि मला "मोजायचं विसरलो" म्हणावं लागेल, ते मला नको होतं. मी अंदाजानं थोडं हार्डनर आणखी टाकलं, कालवलं आणि थर दिला.

साहेब आले. "झालं का बरोबर?"

"झालं," मी म्हणालो.

सहाव्या डब्यातलं उरलेलं कपात ओतायचं होतं. पाचव्या डब्याच्या तळाशी थोडं रेझिन राहिलं होतं, घट्ट व्हायला आलेलं. मी ते खरवडून कपात घातलं आणि कपावर सहा लिहिलं. हे मी का केलं, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. हात आपोआप गेला म्हणावं, तर तसंही नाही. मी विचार करून केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कप फोडले. सगळे खळकन फुटले. सहावाही.

साहेब घरात गेल्यावर मी कण्यावर नख दाबून पाहिलं. मधल्या एका हातभर पट्ट्यात नखाची खूण उमटली. मी त्यावर दोन दिवस मोठे बल्ब लावून ठेवले. साहेबांना म्हटलं, शेक दिला की पक्कं होतं. वरून ते कडक झालं. नख उमटेना. मी स्वतःला सांगितलं, जमलं.

आता कण्यावर पंखाची कातडी चिकटवायची होती. त्याआधी कणा पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करावा लागतो. ते किचकट काम साहेबांनी स्वतःकडं घेतलं. दोन आठवडे, रोज तास-दोन तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "मिस्त्री, इथं पेपर भरायलाय. भुकटी सुटी पडत न्हाई, चिकटून बसायली. डबा नीट होता ना?"

कच्च्या रेझिनवर पेपर भरतो. हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं.

मी म्हणालो, "उन्हाळा हाय साहेब. गरमीनं होतं तसं."

ते फळीजवळ गेले, सहाव्या कपातला फुटका तुकडा हातात घेऊन निरखला, परत ठेवला. "बरोबर हाय," म्हणाले आणि पुन्हा घासायला बसले. तोंडाला रुमाल होता, पण घामानं तो दर थोड्या वेळानं सोडायचे.

जूनमध्ये त्यांच्या मनगटावर लाल पुरळ उठलं. मग पापण्या सुजल्या. घामोळं असेल म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. कातडी चिकटली, कणा आत बंद झाला, आता तो दिसेनासा झाला आणि मला खरोखर हलकं वाटलं. पावसाळ्यात ते खोकायला लागले. शेडमध्ये रेझिनचा डबा उघडला की त्यांचा श्वास अडकायचा. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्या रसायनाचं शरीराला वावडं झालंय, आता जन्मात त्याच्या जवळ जायचं नाही. मला नंतर एका जाणत्या माणसाकडून कळलं की पक्क्या रेझिनची धूळ तेवढी वाईट नसते. कच्च्या रेझिनची असते.

तेव्हापासून साहेब शेडच्या दाराबाहेर बाज टाकून बसायचे आणि तिथून मला सांगायचे. मी आत एकटा. ते म्हणायचे, "तुमी हाव म्हनून चाललंय, मिस्त्री." मी घासत राहायचो. किती वेळा वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं. कणा तेव्हा कापून नवा करता आला असता. पण जेवढे दिवस जात होते तेवढं सांगणं अवघड होत होतं. आधी फक्त डबा चुकला होता. आता त्यात कप आला होता, पेपर आला होता, त्यांचा खोकला आला होता.

जानेवारीत पंखांची चाचणी ठेवली. विमान उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते. म्हणून जमिनीवर पंख उलटा टांगून त्यावर वाळूची पोती ठेवतात. तेवढं वजन त्यानं पेललं तर तो हवेतही टिकतो. उजवा पंख आधी. गावातले आठ-दहा जण पोती उचलायला आले होते. सगळी पोती चढली, पंखाचं टोक वीतभर वाकलं आणि तिथंच थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमनवैनीसुद्धा ओट्यावर येऊन उभ्या होत्या.

मग डावा. निम्मी पोती झाली. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बॅटरी घेऊन पंखाखाली शिरले. जुन्या माणसांची ती सवय, जोडाला कान लावून ऐकायचं. मी एका बाजूला पोतं धरून उभा होतो. आतून आवाज आला. उसाचं कांडं मोडताना येतो तसा, बारीक.

"साहेब, भाइर या!" मी ओरडलो.

ते आतूनच म्हणाले, "थांबा जरा. आवाज कुठून येतोय ते बगू द्या."

"सहावा डबा कच्चा हाय! मला ठावं हाय! भाइर या!"

मी पोतं टाकलं, वाकलो, त्यांचा दंड धरला आणि ओढलं. ते गुडघ्यावर आपटत बाहेर आले. पाठोपाठ पंख मोडला. धडाका वगैरे काही झाला नाही. भिजलेला पुठ्ठा दुमडावा तसा तो मधून दुमडला आणि पोती एकामागून एक घसरत, ते जिथं बसले होते तिथं पडली.

साहेब जमिनीवर बसूनच होते. तोंडावरचं फडकं काढून ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कपात पाचवा होता."

"व्हय."

"पेपर भरायला लागला तवा मी विचारलं होतं तुमाला."

"व्हय, साहेब."

"दोन आठवडे घासलं मी ते," ते म्हणाले आणि स्वतःच्या मनगटांकडं पाहिलं. तिथली कातडी अजून काळसर आणि जाड होती. उठले आणि पोती उचलणाऱ्यांना चहा द्या म्हणून वैनींना सांगायला गेले.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आठवडाभर रोज गेलो. म्हटलं, कणा नवा करतो, साहेब, माझ्या हातानं, एकेक डबा तुम्ही दारातून बघा. आठव्या दिवशी ते म्हणाले, "मला दारात बसनंबी जमंना आता, मिस्त्री. आन् न बगता मी त्यात बसनार न्हाई. तुमी तुमचं काम बगा." आवाजात राग नव्हता. एखाद्या खराब सुट्या भागावर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवावा तसं ते बोलले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. न्यूमोनिया झाला होता. फुप्फुसं आधीच कमजोर होती, त्यांनी तग धरला नाही. ती कशानं कमजोर झाली ते डॉक्टर खात्रीनं सांगू शकत नव्हते. मीही खात्रीनं सांगू शकत नाही. मी दवाखान्यात एकदा गेलो होतो. ते झोपले होते. दारातूनच परत आलो.

दिवाळी झाल्यावर सुमनवैनींचा फोन आला. त्या मुलीकडं पुण्याला राहायला जाणार होत्या, शेत आणि शेड भावकीत द्यायचं होतं. विमान हलवायला पाहिजे होतं. भंगारवाला येऊन बघून गेला, फायबर घेत नाही म्हणाला. त्याचं खरं आहे. फायबर वितळत नाही, कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो. कापून खड्ड्यात पुरणं एवढंच उरतं. "तुमीच केलंय," वैनी म्हणाल्या, "तुमीच या."

मी ग्राइंडर घेऊन गेलो. शेडमध्ये विमान तसंच उभं होतं. उजवा पंख लावलेला, डाव्या बाजूला भोक. वैनी पहिल्यांदाच शेडच्या आत आल्या. विमानाभोवती एक चक्कर मारली. मग विचारलं, "मिस्त्री, तुमचा डबा चुकला नसता तर ह्ये उडालं असतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नसतं उडालं वैनी, परवानगी मिळणंच अवघड होतं, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, कदाचित.

"उडालं असतं," मी म्हणालो.

त्या जायला वळल्या. मी म्हटलं, "वैनी, अजून एक सांगायचंय." आणि सांगितलं. कच्चं रेझिन, घासताना उडालेली भुकटी, त्यांनी विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. साहेबांनी घरात यातलं किती सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं की काहीच सांगितलं नव्हतं. फक्त पंख मोडला, एवढंच त्यांना माहीत होतं.

माझं बोलणं संपल्यावर त्या घरात गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत, आपण निघून जावं. पण त्या आल्या. हातात साहेबांचा एक जुना सुती पंचा होता, पाण्यात पिळून आणलेला.

"तोंडाला बांधा," त्या म्हणाल्या. "अन् दार लोटून घ्या. धूळ घराकडं येऊ देऊ नका."

मी पंचा बांधला, दार लोटलं आणि मशीन चालू केली. सांगाडा आणि मोडलेला पंख त्याच दिवशी संपला. उजव्या पंखाला मात्र दीड दिवस लागला. पात्यांवर पाती झिजली तरी तो तुटत नव्हता. फार चांगला झाला होता तो पंख.